क्षणजीवी अणुकेंद्रांचे वस्तुमान

निसर्गातील बहुतांश कॅल्शियमच्या अणुकेंद्रात २० प्रोटॉन व २० न्यूट्रॉन असतात. न्यूट्रॉनांची संख्या ३४ झाली की कॅल्शियम-५४ हा समस्थानिक बनतो. मात्र त्याचे अर्धायुष्य सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतकेच असते. एवढ्या अवधीत त्याचे वस्तुमान अचूक मोजणे आता शक्य झाले आहे.

अणुकेंद्राचे वस्तुमान त्याच्या घटकांच्या एकत्रित वस्तुमानापेक्षा किंचित कमी भरते. आइन्स्टाइन यांच्या सूत्रानुसार ही तूट म्हणजेच केंद्राला बांधून ठेवणारी ऊर्जा होय. तूट एक टक्क्याहूनही कमी असल्याने मोजमाप अतिसूक्ष्म असावे लागते.

यासाठी ‘पेनिंग सापळा’ वापरतात. त्यात विद्युत व तीव्र चुंबकीय क्षेत्रांच्या साह्याने आयन कोंडला जातो. समान विद्युतभार असल्यास जड आयन सावकाश फिरतो, हलका वेगाने. फेऱ्यांच्या वारंवारितेची तुलना ज्ञात वस्तुमानाच्या आयनाशी केली असता सुमारे दहा कोटींत एक भागापर्यंत अचूकता साधते. आयन सापळ्याच्या तंत्रासाठी हान्स डेमेल्ट व वोल्फगांग पॉल यांना १९८९ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संस्थेत प्रोटॉनांच्या माऱ्यातून असे समस्थानिक निर्माण केले जातात. अत्यल्प संख्येने मिळणाऱ्या आयनांना तेथील ‘आयसोलट्रॅप’ उपकरणात दोन विद्युत-आरशांमध्ये वारंवार परावर्तित करून त्यांचा प्रवासकाळ मोजतात. २०१३ मध्ये याच रीतीने कॅल्शियम-५३ व ५४ यांची वस्तुमाने मिळाली आणि कॅल्शियममध्ये ३२ ही न्यूट्रॉनसंख्या विशेष स्थैर्य देते, हे स्पष्ट झाले.

अशा मोजमापांचा संबंध मूलद्रव्यांच्या उगमाशीही आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी नोंदल्या गेलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनात जड मूलद्रव्ये निर्माण झाल्याचे पुरावे मिळाले. सोन्यासारखी मूलद्रव्ये किती प्रमाणात घडतात, हे क्षणजीवी केंद्रांच्या वस्तुमानांवर अवलंबून असते. त्यांपैकी अनेक केंद्रे प्रयोगशाळेत अद्याप निर्माण करता आलेली नाहीत. त्यांच्यासाठी सैद्धांतिक अंदाजांवरच विसंबावे लागते, आणि त्या अंदाजांची पारख प्रत्यक्ष मोजमापांनीच होते.

या संशोधनाचा खर्च एकट्या देशाला सहसा झेपत नाही. मात्र त्यातून मिळणारे ज्ञान कोणी वापरल्याने घटत नाही. म्हणूनच सामायिक खर्चाचा मार्ग येथे रास्त ठरतो. जर्मनीतील डार्मश्टाट येथील ‘फेअर’ प्रकल्पाच्या करारावर भारताने २०१० मध्ये स्वाक्षरी केली. २०१७ मध्ये तो ‘सर्न’चा सहयोगी सदस्य झाला. त्यामुळे भारतीय शास्त्रज्ञांना तेथील नियुक्त्या आणि उद्योगांना निविदा खुल्या झाल्या. या संधींचा लाभ विद्यापीठांतील विद्यार्थ्यांपर्यंत किती पोहोचतो, यावरच या गुंतवणुकीचे खरे मोल ठरेल.