एक ‘ळ’ शिकवा, पुस्तक मूल स्वतः उघडेल

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात मराठी ऐकण्यासाठी कुठे जावे लागत नाही. संत्र्याच्या बगीच्यात, आठवडी बाजारात, पोळ्याच्या तोरणाखाली ती कानावर पडतेच. वाचायची म्हटली की मात्र शोधावी लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, पण बहुतेक मुलांचे शिक्षण हिंदीतूनच होते.

माझ्या वर्गातल्या एका मुलाला त्याच्या आजीने ‘गजानन विजय’ पोथी वाचायला सांगितली. घरी अस्खलित मराठी बोलणारा मुलगा दोन ओळींतच थांबला. “गुरुजी, मला मराठी येत नाही,” असे तो दुसऱ्या दिवशी म्हणाला, तेव्हा मला वाईट वाटले. त्याला जवळ बसवून पाहिले, तर ‘वेळ’ हा शब्द तो ‘वेल’ वाचत होता. हिंदीच्या पुस्तकात ‘ळ’ नाही, म्हणून अक्षर ओळखीचे नव्हते. बाकी लिपी तीच. रोज दहा मिनिटे सराव घेतला आणि आठ-पंधरा दिवसांत त्याने आजीला एक अध्याय वाचून दाखवला.

पालकहो, आपली अडचण एवढीच आहे. पुढचा प्रश्न, वाचायचे काय?

मुलांपासून सुरुवात करा. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक मोबाईलवरही फुकट वाचता येतात. तरुणांनी उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) हाती घ्यावी. त्यातली कौतिक संसारासाठी झिजते आणि बोलते ती वऱ्हाडी. आपल्या शेजारच्या वरूडकडची माणसे बोलतात तशीच. “हे तर आपल्या घरचं बोलणं!” असे तुम्हीच म्हणाल. शेतकऱ्यांच्या शिकलेल्या मुलांनी सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ वाचावी. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वडीलधाऱ्यांसाठी राष्ट्रसंतांची ‘ग्रामगीता’ आहेच. तिचे ४१ अध्याय चावडीवर वाचण्यासारखे आहेत.

मध्यप्रदेशात राहून मराठीत कोण लिहिणार, असे कोणी म्हटले तर मुक्तिबोध बंधूंचे नाव सांगा. थोरले गजानन माधव हिंदीचे मोठे कवी झाले; धाकटे शरच्चंद्र इंदूरला जन्मले आणि मराठीत लिहिते झाले. त्यांची ‘क्षिप्रा’ ही कादंबरी १९५४ ची. एकाच घरात दोन्ही भाषा सुखाने नांदल्या. आपले हिंदीशी भांडण नाही. तिच्यासोबत मराठीही वाचता यावी, एवढेच मागणे आहे.

संविधानाच्या ३५०-क कलमात भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीची तरतूद आहे. त्यासाठी अर्ज करीत राहू. पण महाराष्ट्राचा १९६७ चा ग्रंथालय कायदा सीमेपाशी थांबतो, त्याचे अनुदान आपल्या गावांना मिळत नाही. म्हणून आमच्या समितीने एक लोखंडी पेटी, चाळीस पुस्तके आणि नोंदवही एवढ्यावर काम सुरू केले. बाजाराच्या दिवशी पुस्तक न्यायचे, पुढच्या बाजारी परत आणायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी संध्याकाळी ओट्यावर एकजण मोठ्याने वाचतो. सर्वांत आधी येऊन बसतात त्या म्हाताऱ्या बाया.

भगिनींना एक विनंती. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या वाटण्याऐवजी दोघी-चौघींनी मिळून एकेक पुस्तक वाण म्हणून द्यावे. आणि आज रात्री जेवणानंतर नातवाला पाटीवर एक ‘ळ’ काढून दाखवावा.