पैलवानांनो, जिउ-जित्सूत पाठ टेकली तरी कुस्ती संपत नाही!

तुकईथड-खकनार-धारणी पट्ट्यातल्या, मातीत घाम गाळलेल्या पोरांसाठी ही पोस्ट. ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर तुमची निम्मी तयारी झालेलीच आहे. पट काढून खाली पाडलं आणि ३ सेकंद ताबा ठेवला की २ गुण.

घोळ पुढे होतो. चीत होऊ नये म्हणून पैलवान झटकन पोटावर वळतो. इथे तीच सवय नडते! समोरचा पाठीवर चढतो, दोन्ही पाय मांड्यांच्या आत अडकवतो, ४ गुण घेतो आणि हात गळ्याखाली सरकवतो. त्यापेक्षा पाठीवरच राहा आणि पायांनी त्याला अडवा. या पवित्र्याला 'गार्ड' म्हणतात. तो ओलांडणाऱ्याला ३ गुण, छातीवर बसणाऱ्याला ४. पट काढताना डोकं बाहेर लटकलं तर मान आयती त्याच्या काखेत!

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार व्हाइट बेल्टची, म्हणजे नवशिक्यांची, लढत ५ मिनिटांची. गी (जिउ-जित्सूचा जाड पोशाख) घालून खेळायचं असेल तर वजनही गीसकट, लढतीच्या अगदी आधी. त्यामुळे आदल्या दिवशी पाणी तोडून वजन उतरवायची युक्ती इथे अंगाशी येते. गार्डमधल्याला उचलून आपटलं तर थेट बाद.

आणि सांधा पिळला गेला तर लाजू नका, थाप मारून हार माना.