महाबळेश्वरात लाव्ह्याची अंडी उबवताना

कोंबडीची अंडी उबवायची म्हटली की एकवीस दिवस थांबावे लागते. जपानी लाव्ह्याचे पिल्लू सतरा-अठरा दिवसांत बाहेर येते आणि सहा-सात आठवड्यांत स्वतःच अंडी घालू लागते. एका सहामाहीत पूर्ण जीवनचक्र पाहायला मिळते. १९९० साली ‘मीर’ अंतराळस्थानकावर पिल्ले उबवली गेली तीही याच पक्ष्याची. भारतात हा पक्षी १९७४ साली इज्जतनगरला आणला गेला. पाळीव लाव्ही मात्र सहसा खुडूक बसत नाही, म्हणून उबवणी पेटी हवी.

पेटी घरी करता येते. थर्माकोलचा खोका, तारेचे दोन बल्ब (एक उडाला तर दुसरा असावा, एलईडी दिव्याची ऊब पुरत नाही), थर्मोस्टॅट, लहान पंखा, तापमापी आणि आर्द्रतामापी एवढे पुरते. हवेसाठी भोके ठेवावीत. आत ३७.५ अंश सें. तापमान राखायचे. पहिले चौदा दिवस अंडी दिवसातून तीन-चार वेळा फिरवायची, पुढे हात लावायचा नाही.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून बाष्प बाहेर जाते आणि तेवढी हवा बोथट टोकाशी साठते. कवच फोडण्याआधी पिल्लू पहिला श्वास या हवेतून घेते. बाष्प कमी गेले तर हवेची जागा अपुरी राहून पिल्लू गुदमरते; जास्त गेले तर आतले पापुद्रे वाळून ते कवचाला चिकटते. दोन्ही वेळा पूर्ण वाढलेले पिल्लू अंड्यातच मरते.

महाबळेश्वरात जुलैमध्ये धुके घरात शिरते, कपडे आठवडाभर वाळत नाहीत. अशा हवेत पेटीत पाण्याची ताटली कशाला, असे कोणालाही वाटेल. आपण गणित करून पाहू. २० अंशांच्या संपृक्त हवेत बाष्पाचा दाब पाऱ्याच्या सुमारे १७.५ मि.मी. असतो. तीच हवा पेटीत ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची बाष्प धरण्याची मर्यादा ४८ मि.मी.च्या वर जाते. म्हणजे सापेक्ष आर्द्रता उरली जेमतेम ३६ टक्के! अंड्यांना हवी असते ५५ ते ६० टक्के, शेवटच्या तीन दिवसांत ७० च्या आसपास. बाहेर धुके असले तरी पेटी कोरडीच. हिवाळ्यात तर स्थिती याहून वाईट.

यात उंचीची भर पडते. सुमारे १३५० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८५ टक्के असतो. विरळ हवेत बाष्पाच्या रेणूंना वाटेत अडथळे कमी, म्हणून त्याच आर्द्रतेला अंडे सहाव्या हिश्शाहून थोडे जास्तच पाणी गमावते. कॅलिफोर्नियातील उंच पर्वतावर पाळलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांच्या कवचात छिद्रांचे क्षेत्रफळ कमी झालेले संशोधकांना १९७७ साली आढळले. सखल भागातून आणलेल्या अंड्यांना ही सोय नसते.

कोंबडीचे अंडे उजेडापुढे धरून आतली हवेची जागा पाहता येते. लाव्ह्याच्या अंड्यावर तपकिरी डाग असल्याने ते नीट दिसत नाही. आमच्या मते येथे तराजूच उत्तम. वीस अंड्यांचे वजन २२० ग्रॅम असेल, तर पंधराव्या दिवसापर्यंत ते सुमारे २४ ग्रॅमने, म्हणजे अकरा टक्क्यांनी उतरावे. रोजचे दीड ग्रॅमहून थोडे जास्त. विद्यार्थ्यांना आलेख काढू द्या. रेषा फार उतरली तर ताटली मोठी घ्या. पसरट ताटली खोल वाटीपेक्षा चांगली, कारण बाष्पीभवन पाण्याच्या पृष्ठभागावर ठरते. भोके मात्र बुजवू नका.

पिल्लू सात-आठ ग्रॅमचे असते. पाण्याच्या भांड्यात खडे टाकावेत, नाहीतर ते बुडते. खाली गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात, गोणपाट चालेल. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. खाद्य बारीक दळलेले आणि भरपूर प्रथिनांचे हवे.

अंडी पैदास केंद्रातूनच आणावीत. पठारावरील गवतात सापडणारी रानलाव्ह्याची अंडी उचलणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. वाढलेले पक्षी कोण सांभाळणार हे अंडी पेटीत ठेवण्याआधीच ठरवावे. त्यांना रानात सोडू नये. युरोपात सोडलेल्या जपानी लाव्ह्यांचा तिथल्या रानलाव्ह्यांशी संकर झालेला आहे.