ध्रुवांवरचे दप्तर

सन 1952 च्या जून महिन्यात कोपनहेगन शहरावर पाऊस लागून राहिला असता, विल्ली डान्सगार्ड या तरुण डॅनिश शास्त्रज्ञाने आपल्या हिरवळीवर बिअरची एक रिकामी बाटली उभी केली, तिच्या तोंडात नरसाळे बसवले, आणि साचलेले पाणी ठरावीक वेळाने काढून प्रयोगशाळेत तपासावयास नेले. पाण्यातील ऑक्सिजनाचे बहुतेक अणू हलके असतात. परंतु पाचशेंत सुमारे एक अणू जड असतो, आणि बाष्पाचे पाणी होताना हा जड ऑक्सिजन आधी खाली उतरतो. म्हणून ढग जसजसा थंड प्रदेशाकडे सरकतो तसतसा त्यातील जड अणूंचा साठा सरत जातो, आणि ध्रुवापाशी पोचेपर्यंत त्याच्या हिमात ते फारच थोडे उरतात. अर्थात हिम ज्या थंडीत पडले, त्या थंडीचा दाखला त्या हिमाच्या अणूंतच रुजू झालेला असतो. हा नियम ध्यानी येताच डान्सगार्ड यांच्या मनात विचार आला, की ग्रीनलंडवर हजारो वर्षे न वितळता साठत गेलेले बर्फ हे या दाखल्यांचे क्रमवार लावून ठेवलेले दप्तरच असले पाहिजे. आणि 1954 साली त्यांनी तसे प्रसिद्धही केले.

ते दप्तर उघडण्याचा योग मात्र लष्करी कारणांनी आला. शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिकन सैन्याने वायव्य ग्रीनलंडमध्ये बर्फाच्या पोटात ‘कॅम्प सेंच्युरी’ नावाचा तळ खोदला होता. त्याच ठिकाणी चाललेले छिद्रण 1966 साली 1,387 मीटर खोलीवर खडकाला भिडले. बाहेर आलेल्या बर्फाचे महत्त्व डान्सगार्ड यांनी तत्काळ ओळखले, आणि त्याची व्यवस्था पाहणारे चेस्टर लँगवे यांच्याशी संधान बांधून ते तपासले, तेव्हा सुमारे एक लक्ष वर्षांचा तापमानाचा चढउतार प्रथमच एका अखंड रेषेत जगापुढे आला.

हे काम प्रत्यक्षात कसे होते, हे जाणून घेण्याजोगे आहे. पोकळ पात्याचे यंत्र दोरखंडाने खाली सोडून हातभर रुंदीचाही नव्हे, तर जेमतेम दहा सेंटीमीटर व्यासाचा बर्फाचा दंड कापून वर आणावयाचा, आणि पुन्हा यंत्र खाली सोडावयाचे. भोवतालच्या बर्फाच्या दाबाने विवर मिटून जाऊ नये म्हणून त्यात न गोठणारा द्रव भरून ठेवावा लागतो. काहीशे मीटरांखालचे बर्फ तर असे ठिसूळ निघते, की आतील बुडबुड्यांच्या दाबाने ते नुसत्या धक्क्याने तडकते. म्हणून पुष्कळदा ते वर्षभर तळावरच विसावू देतात, आणि मगच त्याला करवत लावतात. जेथे हिमवर्षाव मुबलक, तेथे वर्षावर्षाचे थर मोजता येतात, आणि 1783 चा आइसलंडमधील लाकी किंवा 1815 चा तांबोरा अशा ज्वालामुखींची गंधकयुक्त खूण सापडली की तारखेची खातरजमा होते. खोलवर मात्र थर दबून इतके पातळ होतात, की गणिताचाच आधार घ्यावा लागतो.

परंतु माझ्या मते या बर्फाचे खरे वैभव त्यातील बुडबुड्यांत आहे. हिम दाबले जाऊन साधारण शंभर मीटर खोलीवर त्याचे घट्ट बर्फ होते, आणि कणांमधील हवा तेथेच कोंडली जाते. क्लोद लोरियुस या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1965 साली अंटार्क्टिकावर एका संध्याकाळी व्हिस्कीच्या पेल्यात जुन्या बर्फाचे तुकडे टाकले, आणि ते वितळताना सुटणारे बुडबुडे पाहून त्यांच्या मनात आले, की ही पुरातन काळची हवा मोजता आली तर! इतर सारे पुरावे गतकालीन वातावरणाविषयी केवळ अनुमान करू देतात. येथे ते वातावरणच हाती येते.

ही कल्पना अंटार्क्टिकावरील व्होस्तोक येथे फळास आली. 1983 साली उणे 89.2 अंशांची नोंद झालेला हा सोव्हिएत तळ. 1982 च्या एप्रिलमध्ये, हिवाळ्याच्या तोंडावर, तेथील वीजघर जळून एक कर्मचारी मृत्युमुखी पडला, आणि उरलेल्यांनी तो संपूर्ण हिवाळा मदतीवाचून काढला. अशा ठिकाणी, दोन महासत्तांचे वैर शिगेला पोचले असताना, रशियनांनी कापलेले बर्फ अमेरिकन विमानांतून फ्रेंच प्रयोगशाळांकडे गेले, याचे मला आजही अपार कौतुक वाटते. 1987 मध्ये त्यातून 1 लक्ष 60 हजार वर्षांचा, आणि 1999 मध्ये 4 लक्ष 20 हजार वर्षांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. हिमयुगांत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लक्ष भागांत सुमारे 180, आणि उष्ण काळात सुमारे 280, असे ते तापमानाच्या बरोबरीने चढत-उतरत राहिल्याचे दिसले. पृथ्वीच्या भ्रमणकक्षेतील मंद फेरफारांनी बदलाला चालना द्यावी, आणि या वायूने तो बदल बळावून जगभर पसरवावा, असा हा क्रम आहे.

त्याच बुडबुड्यांतील मिथेनाशी आपलाही संबंध पोचतो. हा वायू दलदलींतून निघतो, आणि उष्ण कटिबंधातील दलदली पर्जन्यावर अवलंबून असतात. म्हणून आशियातील मोसमी पाऊस केव्हा भरभरून आला आणि केव्हा रोडावला, याचाही हिशेब काही अंशी दक्षिण ध्रुवापाशी लिहिला गेला आहे. डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम 1981 च्या डिसेंबरात गोव्याहूनच निघाली होती. आज त्याच गोव्यात, वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात, बाहेर दमट उकाडा असताना आत उणे 20 अंशांच्या दालनात अंटार्क्टिकाचे बर्फ अभ्यासले जाते.

युरोपीय राष्ट्रांनी अंटार्क्टिकावरच ‘डोम सी’ येथे 2004 अखेर पुरे केलेल्या छिद्रणाने हा वृत्तान्त 8 लक्ष वर्षांपर्यंत मागे नेला, आणि 2025 च्या जानेवारीत जवळच्याच ‘लिटल डोम सी’ येथे 2,800 मीटर खोल जाऊन 12 लक्ष वर्षांहून जुने बर्फ वर आले. पूर्वी सुमारे 41 हजार वर्षांनी येणारी हिमयुगे पुढे सुमारे एक लक्ष वर्षांनी का येऊ लागली, या जुन्या कोड्याची उकल त्यातून व्हावी, अशी अपेक्षा आहे.

हवामान नेहमी बदलतच आले आहे, असे म्हणून आजच्या बदलाकडे डोळेझाक करणाऱ्यांनी या दप्तरातील एक नोंद अवश्य पाहावी. डोम सीच्या बर्फातील आठ लक्ष वर्षांत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण 300 च्या वर एकदाही गेलेले नाही. आज ते 420 च्या वर आहे, आणि ही वाढ आपण कोळसा व खनिज तेल जाळू लागल्यानंतरच्या दोन-अडीच शतकांतली आहे.