बर्फाखालचा शिलारस आणि आकाशातील वाटा

विमानवाहतुकीला ज्वालामुखीपासून जो धोका संभवतो तो लाव्हाचा नसून राखेचा असतो. कारण लाव्हा कितीही भयंकर दिसला तरी तो जमिनीवरच राहतो आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाला त्याची झळ पोहोचत नाही, उलट राख नेमकी त्याच उंचीवर जाते आणि वाऱ्याबरोबर हजारो किलोमीटर प्रवास करते. ही राख चुलीतल्या राखेसारखी मऊ व निरुपद्रवी नसते. भूगर्भात वितळलेला खडक, म्हणजे शिलारस, वर येऊ लागला की त्यात विरघळलेले वायू फुगतात आणि त्याच्या ठिकऱ्या उडवतात. त्यातून दोन मिलिमीटरपेक्षा लहान असे खडकाचे, खनिज-स्फटिकांचे आणि काचेचे जे टोकदार कण तयार होतात, त्यांनाच ज्वालामुखीची राख म्हटले जाते.

जेट इंजिन अशा राखेला फार लवकर बळी पडते, आणि त्याचे कारण तापमानांच्या हिशेबात आहे. इंजिनाच्या ज्वलनकक्षातील उष्णता राखेतील काच वितळवण्याइतकी असते. तेथे वितळलेला हा चिकट रस पुढे टर्बाइनच्या तुलनेने थंड पात्यांवर जाऊन थिजतो, हवेचा मार्ग अरुंद करतो आणि अखेर ज्वलनच थांबवतो. याखेरीज समोरच्या काचा घासून धुरकट होतात आणि वेग मोजणाऱ्या नळ्या बुजतात. विमानातील हवामानदर्शक रडार पावसाचे थेंब टिपण्यासाठी बनवलेले असल्यामुळे कोरडी, बारीक राख त्याला दिसत नाही, आणि रात्रीच्या वेळी ती वैमानिकालाही दिसत नाही.

हे सारे जगाला प्रथम नीट कळले ते २४ जून १९८२ च्या रात्री. लंडनहून मुंबई, क्वालालंपूर असे टप्पे घेत ऑकलंडकडे निघालेले ब्रिटिश एअरवेजचे बोईंग ७४७ विमान जावा बेटाजवळ सुमारे ३७ हजार फुटांवर असताना गलुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले. समोरच्या काचांवर निळसर विद्युतप्रकाश नाचू लागला, प्रवाशांच्या कक्षात गंधकाचा वास असलेला धूर पसरला आणि काही मिनिटांत चारही इंजिने बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आपण राखेत आहोत याची कल्पनाही नव्हती; विमान तरंगत खाली येत राहिले, राखेच्या थराखाली पोहोचले, आणि थंड झालेल्या पात्यांवरील काच तडकून निघाल्यामुळे इंजिने पुन्हा सुरू झाली. जकार्ताला उतरताना काचा इतक्या घासल्या गेल्या होत्या की धावपट्टीचे दिवे त्यांतून जेमतेमच दिसत होते. पुढे १५ डिसेंबर १९८९ रोजी अलास्कातील रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत केएलएमच्या ७४७ विमानाची चारही इंजिने अशीच थांबली. तेही सुखरूप उतरले, पण काही महिन्यांपूर्वीच ताफ्यात आलेल्या त्या विमानाच्या दुरुस्तीला कोट्यवधी डॉलर लागले.

या दोन घटनांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या छत्राखाली जी व्यवस्था आकाराला आली, तिचे दोन भाग आहेत. जगाचे आकाश नऊ राख-सूचना केंद्रांत वाटून दिलेले आहे. लंडन, तुलूज, अँकरेज, वॉशिंग्टन, माँट्रियल, टोकियो, डार्विन, वेलिंग्टन आणि ब्वेनोस आइरेस येथील ही केंद्रे उपग्रहांची चित्रे आणि वाऱ्यांची गणिते यांच्या आधारे राख कोठे, किती उंचीवर आणि केव्हा पोहोचेल याचे अंदाज देतात. दुसरा भाग ज्वालामुखीजवळ बसून देखरेख करणाऱ्या वेधशाळांचा. त्या आपापल्या ज्वालामुखीला चारपैकी एक रंग देतात: हिरवा म्हणजे नेहमीची शांत स्थिती, पिवळा म्हणजे नेहमीपेक्षा अधिक चलबिचल, नारिंगी म्हणजे उद्रेकाची वाढलेली शक्यता किंवा फारशी राख नसलेला उद्रेक, आणि तांबडा म्हणजे मोठ्या प्रमाणात राख उधळणारा उद्रेक चालू असणे वा अगदी तोंडावर असणे. पहिल्या भागाची चर्चा वर्तमानपत्रांत पुष्कळ होते; दुसरा भाग किती कळीचा आहे, हे पाहायचे असेल तर आइसलंडमधील बाउर्दारबुंगा या ज्वालामुखीचे २०१४ सालचे प्रकरण अभ्यासावे.

बाउर्दारबुंगा हा वात्नायोकुत्ल या विस्तीर्ण हिमाच्छादनाखाली दडलेला, दोन हजार मीटरहून उंच असा ज्वालामुखी आहे. त्याच्या माथ्यावर कॅल्डेरा आहे, म्हणजे खालचा शिलारस पूर्वी कधी निघून गेल्यामुळे छत खचून तयार झालेले प्रचंड कुंड, आणि हे कुंड सातशे-आठशे मीटर जाडीच्या बर्फाने भरलेले आहे. १६ ऑगस्ट २०१४ च्या पहाटेपासून येथे लहान भूकंपांची रीघ लागली. आइसलंडच्या हवामान खात्याने, जे त्या देशात ज्वालामुखींवरही देखरेख ठेवते, त्याच दिवशी रंग पिवळा केला आणि १८ ऑगस्टला नारिंगी. २०१० साली आइसलंडमधीलच दुसऱ्या एका ज्वालामुखीने युरोपचे आकाश बंद पाडले होते, ती आठवण ताजी असल्यामुळे युरोपभरच्या विमान कंपन्यांनी कान टवकारले.

भूकंपांची केंद्रे एका जागी थांबली नव्हती, ती चालत होती. शिलारस वर येण्याऐवजी पृथ्वीच्या कवचातील उभ्या भेगेत घुसून आडवा सरकत होता. अशा भेगेत भरलेल्या शिलारसाच्या उभ्या भिंतीला भूशास्त्रात डाइक म्हणतात, आणि ही डाइक जेथे खडक फोडी तेथे भूकंप होत. म्हणून भूकंपलेखकांच्या नोंदी नकाशावर मांडल्या की बर्फाखाली कित्येक किलोमीटर खोल असलेल्या शिलारसाचे टोक आज कोठे आहे, हे जवळजवळ तासागणिक दिसत होते. ते आधी आग्नेयेकडे गेले, मग ईशान्येकडे वळले, काही वेळा तासन्‌तास एकाच ठिकाणी अडून राहिले आणि पुन्हा सरकले. दोन आठवड्यांत त्याने पंचेचाळीस किलोमीटरहून अधिक अंतर कापले. जीपीएस केंद्रांवरून भेगेच्या दोन्ही बाजूंची जमीन एकमेकींपासून दूर सरकताना मोजली जात होती, आणि खुद्द कॅल्डेराचा तळ हळूहळू खाली बसत होता. पुढच्या सहा महिन्यांत तो सुमारे ६५ मीटर खचला. कॅल्डेरा खचताना अशा बारकाईने मोजला जाण्याचे योग ज्वालामुखीशास्त्राच्या इतिहासात फार थोडे आहेत.

विमानांच्या दृष्टीने खरा प्रश्न एकच होता, शिलारस वर येईल तो बर्फाखाली की बर्फाबाहेर? वरवर पाहता हा फरक किरकोळ वाटतो, पण सारे त्यावरच अवलंबून होते. तप्त शिलारस बर्फाला व त्याच्या वितळलेल्या पाण्याला भिडला की पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि तिच्या स्फोटांनी शिलारसाची अतिशय बारीक राख होते. तोच शिलारस उघड्या पठारावर आला तर वायू सहज निसटतात, कारंजी उडतात, लाव्हा वाहतो आणि राख नगण्य असते. एकाच ज्वालामुखीतून, एकाच रासायनिक घडणीच्या शिलारसापासून दोन अगदी वेगळे उद्रेक होऊ शकतात आणि त्यांतील अंतर काही किलोमीटरचे असते.

२३ ऑगस्टला यंत्रांवर आलेल्या कंपनांवरून बर्फाखाली उद्रेक सुरू झाला असावा असे वाटले, म्हणून रंग तांबडा करण्यात आला आणि ज्वालामुखीभोवतीचे आकाश विमानांना बंद झाले. विमानातून पाहणी केल्यावर बर्फाच्या पृष्ठभागावर उद्रेकाची खूण आढळली नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी रंग पुन्हा नारिंगी झाला. त्यावर टीका करणे सोपे होते. परंतु दिवसभराचा आणि मर्यादित क्षेत्रापुरता इशारा देऊन तो उघडपणे मागे घेणे हेच निरोगी व्यवस्थेचे लक्षण होय. जी वेधशाळा कधीच चुकीचा इशारा देत नाही, ती बहुधा उशिराच इशारा देते.

अखेर डाइक हिमनदीच्या कडेपलीकडे गेली. २९ ऑगस्टला होलुह्रॉइन या जुन्या लाव्हाच्या पठारावर काही तासांचा छोटा उद्रेक झाला आणि ३१ ऑगस्टला त्याच भेगेतून मोठा उद्रेक सुरू झाला, तो २७ फेब्रुवारी २०१५ पर्यंत चालला. सुमारे ८४ चौरस किलोमीटर जमीन लाव्हाखाली गेली. १७८३-८४ च्या लाकी उद्रेकानंतर आइसलंडने एवढा लाव्हा पाहिला नव्हता. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अशाच बेसाल्टच्या लाव्हाचे थर एकावर एक साचून बनला, मात्र त्याचा विस्तार इतका अवाढव्य की होलुह्रॉइन त्यापुढे ओहोळ ठरावा. या सहा महिन्यांत गंधकाच्या डायऑक्साइडचे प्रचंड लोट बाहेर पडले, देशातील अनेक भागांत लोकांना दारे-खिडक्या बंद करून घरात बसावे लागले. विमाने मात्र जवळजवळ सुरळीत उडत राहिली.

२०१० साली असे झाले नव्हते. एयाफ्यात्लायोकुत्ल या तुलनेने छोट्या ज्वालामुखीतील शिलारस १४ एप्रिलला बर्फाखालून फुटला, वारे नेमके युरोपच्या दिशेने वाहत होते, आणि १५ एप्रिलपासून आठवडाभर उत्तर व मध्य युरोपचे बहुतेक आकाश बंद राहून सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली. त्या वेळचा नियम सरळ होता: राख असेल तेथे जायचे नाही, मग ती कितीही विरळ असो. हा नियम तयार झाला तेव्हा तो बव्हंशी विरळ वस्तीच्या प्रदेशांवरील आकाशाला लावला जात होता, जेथे वळसा घालून जाता येते. जगातील सर्वांत गजबजलेल्या आकाशावर तो लागू होताच त्याची किंमत कळली. त्यानंतर युरोपात हवेच्या घनमीटरमागे २ व ४ मिलिग्रॅम राख अशा पायऱ्या ठरवून विमाने कोठे नेता येतील याची वर्गवारी करण्यात आली. ही सुधारणा योग्यच होती, तथापि तिच्यातील आकडे हवेत जाऊन मोजलेले नसून मुख्यतः संगणकाने काढलेले असतात, आणि ज्वालामुखी दर सेकंदाला किती राख ओकतो याच्या कच्च्या अंदाजावर ते उभे असतात, हे विसरून त्यांच्याकडे पाहिले तर ती केवळ अचूकतेची शोभा ठरते. मे २०११ मध्ये आइसलंडमधीलच ग्रिम्सव्होत्न या ज्वालामुखीचा उद्रेक २०१० च्या उद्रेकापेक्षा जोरकस होता, तरी रद्द झालेली उड्डाणे हजाराच्या आतच राहिली; त्यात नव्या नियमांचा वाटा होता, तसाच लवकर खाली बसणाऱ्या जाड राखेचा आणि अनुकूल वाऱ्याचाही होता.

आइसलंडला यंत्रांचे जाळे, प्रशिक्षित माणसे आणि सरकारी पाठबळ आहे. सर्व ज्वालामुखींचे नशीब असे नसते. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियाच्या अफार प्रदेशातील हायली गुब्बी हा ज्वालामुखी अचानक फुटला, ज्याच्या उद्रेकाची इतिहासकाळातील नोंद उपलब्ध नव्हती. जवळपास त्याच्यावर बारकाईने लक्ष ठेवणारी यंत्रणाही नव्हती. राख सुमारे १४ किलोमीटर उंच गेली, तांबडा समुद्र ओलांडून येमेन व ओमानवरून अरबी समुद्रावर आली आणि दुसऱ्या दिवशी रात्री उत्तर भारतावर पोहोचली. तुलूजच्या केंद्राने राखेची वाटचाल जाहीर केली, भारताच्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना राखेचे क्षेत्र टाळण्याच्या सूचना दिल्या, काही उड्डाणे रद्द झाली आणि त्या भागावरून गेलेल्या विमानांची तपासणी करण्यात आली. आखाती देशांकडे जाणाऱ्या भारतीय विमानांचे मार्ग याच आकाशातून जातात, म्हणून आफ्रिकेतील या उद्रेकाची चौकशी मुंबईच्या विमानतळावरही होणे स्वाभाविक होते. राखेमागे धावणारी व्यवस्था येथे कामी आली. उद्रेकापूर्वी पिवळा आणि नारिंगी रंग देऊ शकणारी व्यवस्था मात्र तेथे नव्हतीच, आणि दुर्गम प्रदेशातील ज्वालामुखीजवळ चार-सहा भूकंपलेखक बसवून ते चालू ठेवण्याचा खर्च एखाद्या मोठ्या विमानाच्या एका इंजिनाच्या किमतीपुढे क्षुल्लक असतो.

बाउर्दारबुंगा अजून स्वस्थ झालेला नाही. खचलेल्या कुंडाखाली शिलारस पुन्हा साचत असून पाचच्या आसपास तीव्रतेचे भूकंप तेथे अधूनमधून होत असतात. १४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी असाच मोठा झटका आला तेव्हा आइसलंडच्या हवामान खात्याने रंग पिवळा केला; उद्रेक झाला नाही.