वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली, तिच्यासाठी आलेली रेल्वे मात्र आजही धावतेय

नंदुरबारहून तोरणमाळकडे जाताना रस्त्याच्या कडेला काळाकभिन्न दगड दिसतो. तो कोळसा नाही, थिजलेला लाव्हा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी या लाव्ह्याने बहुतेक महाराष्ट्र झाकून टाकला. दगडी कोळसा त्याहून खूप जुना, २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांचा. त्याचे थर हाती लागतात ते पूर्व विदर्भात. म्हणूनच राज्यातल्या कोळसा खाणी चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूरकडे एकवटल्या आहेत.

वरोरा म्हटलं की आज बाबा आमटेंचं आनंदवन आठवतं. पण त्याच्या कितीतरी आधी या गावाची ओळख कोळशाची होती. इंग्रजांना आगगाड्यांसाठी कोळसा हवा होता, आणि तो विलायतेहून जहाजाने मुंबईला आणणं महाग पडायचं. म्हणून १८७१ मध्ये सरकारनेच वरोऱ्यात खाण सुरू केली. कोळसा बाहेर काढायला वर्ध्याहून रेल्वेचा फाटा टाकला. वाटेतल्या हिंगणघाटच्या कापसाचीही त्यामुळे सोय झाली.

जमिनीखालची खाण खणताना सगळा कोळसा काढत नाहीत. वरचं छत पेलायला कोळशाचेच जाड खांब सोडतात. पुढे हे खांबही काढायचा मोह होतो आणि तिथेच धोका असतो, कारण छत खचू शकतं. त्यात वर्धा खोऱ्यातल्या कोळशाची आणखी एक खोड आहे. हवा लागली की तो हळूहळू तापतो आणि कुणी काडी न लावताही पेट घेऊ शकतो.

वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी १० मार्चला फ्रान्समधल्या कुरियेरच्या खाणीत स्फोट झाला. कोळशाची बारीक धूळ पेटत गेली आणि १,०९९ माणसं मेली. तब्बल २० दिवसांनी १३ जण जिवंत बाहेर आले! तरीही फ्रान्स कोळशासाठी खोल खोल जात राहिला. तिथली शेवटची खाण, लोरेनमधली ला हूव, २००४ मध्ये बंद झाली.

आपल्याकडे उलट झालं. वर्धा खोऱ्यात बराच कोळसा फार खोल नाही, त्यामुळे पुढे वरची माती काढून मोठमोठ्या खुल्या खाणी सुरू झाल्या. छत कोसळायची भीती गेली, पण शेतंच्या शेतं खाणीत गेली आणि चंद्रपूरभोवती मातीचे डोंगर उभे राहिले.

वरोऱ्याचा तो फाटा पुढे बल्लारशाहपर्यंत गेला. १९२९ मध्ये बल्लारशाह ते काझीपेठ जोडलं गेलं आणि दिल्ली-मद्रास सरळ मार्ग तयार झाला. चेन्नईला जाणारी ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस आजही वरोऱ्यावरूनच जाते.