पट्टीआड दडलेला गंज

दारातली जुनी मोटार वरून धुतली की चकचकीत दिसते. पण दारांखालच्या व चाकांवरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांआड काय चालले आहे, ते कधी पाहिलेत का? शेतवाटेचा चिखल तिथे शिरतो, दिवसेंदिवस ओला राहतो आणि पत्रा खातो. खाजगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांनी तपासणी होऊनच पुढे वाढते. पत्रा त्यापुढेही टिकला पाहिजे.

दिवाळीनंतरचे कोरडे दिवस या कामाला उत्तम. गाडी आधी उन्हात ठेवा. उन्हाने प्लॅस्टिक नरमते, थंडीत ते तडकते. स्क्रू असतील ते प्रथम काढा. मग लाकडी पाचरीला फडके गुंडाळून पट्टी क्लिपेजवळून हलके उचला. मध्येच धरून ओढू नका. पट्टी चिकटवलेली असेल तर मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवा.

चिखल धुऊन पत्रा पूर्ण वाळू द्या. डोळ्यांना चष्मा व नाकाला मास्क लावून, तारेच्या ब्रशाने आणि पॉलिश पेपरने स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत घासा. लगेच रेड ऑक्साइड लावा. त्यावर रंगाचे दोन हात हवेतच, कारण नुसत्या रेड ऑक्साइडमधून ओल झिरपते. क्लिपांच्या भोकांच्या कडाही रंगवा. दारांच्या तळाची पाणी जाण्याची भोके काडीने मोकळी करा, नाहीतर गंज आतून परत येईल.

पत्र्याला आरपार भोक पडले असेल, तर रंग उपयोगाचा नाही. तेवढा पत्रा कापून नवा जोडून घ्यावा.

तुटलेल्या क्लिपा बदलून, रंग पक्का वाळल्यावरच पट्ट्या बसवा. दोन दिवस मोडतील, पण गाडी वाचेल.